चादर ओढायची वेळ

सारिका भाभीचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या रकान्यात उद्या पहाटेचे पंचवीस अंश लिहीत होते. फोन पारण्याचा होता. अक्षय तृतीयेला बाईच्या वर्षीतपाचं पारणं. उसाच्या रसाचा कलश चांदीचा घ्यायचा की घरातलाच चालेल, धुळ्याहून कोण कोण येणार, माझ्या नवऱ्याला शिरपूरच्या सूतगिरणीतून सुटी मिळणार की ऐनवेळी तो तोंड पाडून नाही म्हणणार, असं सगळं भाभी एका दमात विचारत होती आणि मी हो हो करत पडद्याकडे बघत होते. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आणि दीदी, बाईंना जरा तुम्हीच समजवा. रात्रभर तळमळतात. मी म्हटलं, किती उकडतंय, खाली आमच्या खोलीत या. तर म्हणतात, उकडतंय कुठं, मुस्काननं पंचवीस सांगितलंय. रात्र गारच आहे, माझ्याच अंगात उष्णता भरलीय." भाभी हसली, मीही हसले बहुतेक. मग फोन बंद झाला आणि आमच्या धुळ्याच्या ऑफिसखालच्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात कुणीतरी लोखंड आपटलं. पडद्यावर पंचवीस तसेच होते. पुढचं बटण दाबलं की ते जळगाव तालुक्यातल्या हजारो मोबाइलवर जाणार होते, केळीवाल्यांच्या, पोल्ट्रीवाल्यांच्या, आणि एका म्हातारीच्या. मी रोजच्यासारखं बटण दाबलं.

आमच्या घरात आईला बाई म्हणतात. मारवाडी जैनांच्या पुष्कळ घरांत म्हणतात. बाई माझ्याशी मारवाडीतच बोलते, इथं मी तिला मराठीत बोलायला लावते आहे, तिला कळलं तर ती तोंडाला पदर लावून हसेल. सत्तरीत वर्षीतप धरायचं तिनं ठरवलं तेव्हा अखिल भैयानं आकांत केला होता. एक दिवस उपास, एक दिवस दोन वेळ जेवण, असं वर्षभर आणि वर महिनाभर. उपासाच्या दिवशी फक्त पाणी, तेही उकळलेलं, तेही दिवसा. सूर्य बुडाला की थेंब नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवून जरा वर चढेपर्यंत घसा कोरडा ठेवायचा. कूलर बंद, कारण त्यात कच्चं पाणी वाहतं आणि पाण्यातले जीव मरतात. एसी तर तिला आधीपासूनच माणसाची हाडं पोखरणारा वाटतो, त्याचा त्याग करणं तिला फार सोपं गेलं. राहिला पंखा, आणि राहिली गच्ची. संध्याकाळी मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, पितळेच्या परातींत ओतायचं, वरून पातळ गरणं, म्हणजे गाळायचं फडकं, बांधायचं आणि गच्चीवर ठेवून द्यायचं, ही आमच्या घरची जुनी रीत. उन्हाळ्यात उकळलेलं पाणी पाच प्रहर चालतं, म्हणजे सकाळचं पिणं त्यात निभतं. लहानपणी पहाटे त्या परातीत बोट बुडवलं तर ते आखडायचं. बाई पाठीत धपाटा घालायची, कारण तपस्व्याच्या पाण्याला हात लावायचा नसतो. तेव्हा तपस्वी माझी आजी होती.

त्या संध्याकाळी मी प्रशीलला म्हटलं की जळगावचा आकडा चुकतो आहे. प्रशील माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, शिरपूरकडच्या एका खेड्यातला, हवामानाच्या शिक्षणात माझ्याहून दोन पायऱ्या वर. ऑफिसात तो छापील मराठी बोलतो, पण चेष्टा करायची झाली की घरची बोली बाहेर काढतो. त्यानं महिनाभराचे अंदाज आणि महिनाभराच्या नोंदी शेजारी शेजारी लावल्या आणि म्हणाला, "आकडा बराबर शे, मॅडम. पेटी बी बराबर शे. आपलं गिऱ्हाईक केळीवालं शे, गच्चीवालं नही." खरंच होतं. जळगावचा म्हणून आम्ही जो आकडा देतो तो शहराबाहेर, मोकळ्या रानात उभ्या असलेल्या एका पांढऱ्या, झडपांच्या पेटीतला असतो. आमचं गणित रोज सकाळी आदल्या पहाटेची चूक बघून स्वतःला सुधारतं, आणि चूक मोजायची ती त्या पेटीशीच. गेली काही वर्षं ते इतकं सुधारलं आहे की पेटीला पहाटे काय वाटेल ते आम्हाला आदल्या संध्याकाळी कळतं. याबद्दल आमचं कौतुकही होतं. दिवसा शहर आणि रान यांत फारसा फरक नसतो, दोन्हीकडे सारखीच भट्टी. फरक पडतो तो दिवस मावळल्यावर. रानातली माती दिवसभराची ऊब आभाळाला देऊन मोकळी होते. गल्लीत भिंतीसमोर भिंत असते. एकीनं टाकलेली ऊब दुसरी घेते, पुन्हा पहिलीला देते, आणि हे देणंघेणं उजाडेपर्यंत चालतं. हे मी नोकरीच्या मुलाखतीत फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं. चित्रात दोन भिंती होत्या, मधे गल्ली होती, भिंतींवर बाण होते. गल्लीत माणूस काढायचं मला सुचलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही.

घरी जाताना रिक्षात मला एकदम बापूजींचा आवाज आठवला. आठवला म्हणजे काय, कानाशी आला. "ओढा रे, गार पडलं." माझे वडील, पुखराजजी, दाणा बाजारात त्यांची भुसाराची पेढी होती आणि गल्लीत त्यांचा दरारा होता, पण पहाटेचे ते फार हळवे असत. उन्हाळाभर आम्ही सगळे गच्चीवर झोपायचो. संध्याकाळी बादल्या ओतून गच्ची शिंपायची, आधी वाफ निघायची, मग मातीचा वास, मग गाद्या पडायच्या. झोपताना अंगावर काही नको असायचं. चादर पायथ्याशी घडी करून ठेवलेली असे, आणि रात्रभर तिच्याकडे कुणी बघत नसे. पहाटे, चांदण्या फिकट व्हायच्या सुमारास, मेहरूण तलावाच्या बाजूनं एक झुळूक यायची, अंगावर काटा यायचा, पाय पोटाशी जायचे, पण झोप इतकी गोड असायची की हात लांब करून चादर घेण्याचं जिवावर यायचं. मग कुणाचा तरी हात ती चादर खांद्यापर्यंत ओढायचा. कधी बापूजींचा, बहुतेकदा बाईचा. डोळे उघडायचे नाहीत, जाग आली आहे हे कळू द्यायचं नाही, कारण कळलं की उठवतील. त्या एका क्षणासाठी मी अजूनही जीव टाकते. लोकांना वाटतं मी किमान तापमानाचा अंदाज देते. माझं मला ठाऊक आहे, ती चादर ओढायची वेळ किती गार असेल एवढंच मी सांगत असते, आणि त्यावरच माझा संसार चालतो.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी जळगावची बस पकडली. पिशवीत प्रशीलनं दिलेला थर्मामीटर होता, जुना काचेचा, त्याच्या मते तोच खरा. पारोळ्यापर्यंत खिडकीतून आग येत होती. एरंडोल सुटलं, उन्हं कलली, आणि रस्त्याकडेच्या उसाच्या एका तुकड्याजवळून बस गेली तेव्हा क्षणभर गार वारा आत आला. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं नकळत उपरणं खांद्यावर घेतलं. मग प्लॉटिंगच्या पाट्या सुरू झाल्या, मंगल कार्यालयं आली, शोरूम आली, आणि हवा तशीच बसून राहिली. माझी वर्षानुवर्षांची हौस अशी की जळगाव आलं हे मी डोळे मिटून ओळखायचे. पूर्वी डाळमिलच्या वासावरून ओळखायचे, त्या दिवशी कपाळावर आलेल्या घामानं ओळखलं. रिक्षावाल्याला म्हटलं, किती गरम आहे, तर तो म्हणाला, जळगाव आहे ताई. त्याच्या बोलण्यात थोडा अभिमानही होता.

गल्ली तीच. पण बापूजींच्या वेळी समोर एक मजली कौलारू वखार होती, तिथं आता चार मजल्यांचा बाजार झाला आहे आणि त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर एसीची यंत्रं रांगेनं लावलेली आहेत, सगळ्यांची तोंडं आमच्या गच्चीकडे. गच्चीवर अर्ध्या भागात पत्रे आले. उरलेल्या अर्ध्यात बाईची परात, बाईची गादी आणि बाई. परातींवर आता गरण्याच्या वर स्टीलची ताटंही असतात, कारण समोरच्या बाजारावरची कबुतरं. मी वर गेले तेव्हा सूर्य बुडायला थोडा अवकाश होता आणि बाई शेवटचं पाणी घेत होती, बसून, सावकाश, पेला दोन्ही हातांत धरून. वाळली होती. डोळे मोठे दिसत होते. मला बघून तिनं आधी पेला संपवला, तो पुसून ठेवला, आणि मग विचारलं की अशी मधेच कशी आले. फोनवर आमचं बोलणं कधी लांबत नाही. जेवलीस का, जेवले, जावई बरे आहेत ना, बरे आहेत, ठेवू मग. त्यामुळं समोरासमोरही दोघी जरा अवघडतो. मी म्हटलं सहज. ती म्हणाली, "आजपण पंचवीसच आलेत तुझे," आणि मोबाइल पदराखालून काढून मला दाखवला, त्या दिवशी माझ्या जागी प्रशीलनं पाठवलेलं.

घरकामाला येणारी बेबाबाई परातीत उकळतं पाणी ओतत होती. ती पारोळ्याकडची, वीस वर्षं बाईजवळ. मी परातीखालच्या फरशीला हात लावला आणि झटकन काढून घेतला. बेबाबाई म्हणाली, "रातभर भीत तपेल ऱ्हास, ताई. बठ्ठं सिमेंट शे. पानी काय निवस!" सगळं सिमेंट, रात्रभर भिंती तापलेल्या, असं ती सांगत होती तर बाईनं तिला हातानंच गप्प केलं. पाणी निवत नाही हे तिलाही ठाऊक होतं, पण त्याचं कारण तिनं आपल्या परीनं लावून टाकलं होतं. रात्र गार आहे, कारण मुलीनं तसं सांगितलं आहे. तरी अंग भाजतं, घसा सोलवटतो, पाणी सकाळी हाताला कोमट लागतं, म्हणजे दोष आपल्या देहात आहे. हात गरम म्हणून पाणीही गरम लागतं. तप करणाऱ्याच्या देहातून जुना मळ असा जळून जातो असं कुणीतरी तिला सांगितलंही होतं. आणि मग ती हसत म्हणाली की थंडीत तर याच्या उलटं. डिसेंबरात तुझे आठ आले की मी दोन रजया काढायचे. घामानं चिंब व्हायचे, पण अंगावरून बाजूला करायचे नाही. म्हटलं पोरगी आठ सांगतेय, उगाच छातीत थंडी भरायची. मी हसले, आणि पिशवीतला थर्मामीटर काढून दोरीला टांगला.

रात्र कशी गेली ते काय सांगायचं. मी तिच्या शेजारी गादी टाकली होती. अंगाखालची गादी तापलेली, उशीची दुसरी बाजूही तापलेली, समोरच्या भिंतीवरची यंत्रं घरघरत गरम वारा सोडत होती. बाई या कुशीवरून त्या कुशीवर होत होती, ओठ जिभेनं ओले करायला जात होती आणि जीभच कोरडी असल्यानं थांबत होती. तिच्यापासून हातभर अंतरावर परातभर पाणी झाकलेलं होतं. मी पाणी प्यायला म्हणून खाली गेले आणि नळापाशी उभी राहून परत आले, न पिता. असल्या गोष्टींनी कुणाचं भलं होत नाही हे कळत असूनही. चांदण्या फिकट झाल्या. झुळूक यायला हवी होती. मी तिची वाट बघत पडून राहिले, जशी एखाद्या सवयीच्या पावलांची बघतात. आमच्या पायथ्याशी दोन चादरी होत्या, बाईनं जुन्या सवयीनं घड्या करून ठेवलेल्या. उजाडलं तरी त्यांची घडी मोडली नव्हती.

उजेड आल्यावर मी दोरीला टांगलेला थर्मामीटर काढून बाईच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला, काच पूर्वेकडे धरली आणि बराच वेळ बघून म्हणाली, "तीस." मग म्हणाली, "पण तू तर पंचवीस सांगितले होतेस." मी सांगितलं की पंचवीस खोटे नाहीत. गावाबाहेर रानात एक पेटी आहे, तिथं आत्ता पंचवीसच असतील. आम्ही त्या पेटीचं सांगतो. शहराच्या आत ते चढे असतं, या गल्लीत तर फारच. हे बोलताना माझा आवाज फळ्यापाशी उभी असल्यासारखा झाला आणि मला माझाच राग आला.

"म्हणजे तो आकडा आपल्या घरचा नव्हता," बाई म्हणाली.

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही, बाई."

तिनं चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसली. खाली दूधवाल्याची घंटा वाजली. "मला वाटायचं," ती म्हणाली, "तू रोज आपल्या गच्चीचं सांगतेस. दिवेलागणीला परात वर आणली की तुझा आकडा यायचा. मी बेबाबाईला सांगायचे, बघ, तिकडे धुळ्याला बसून पोरीचा जीव इथं आहे." आणि मला धीर द्यायचा म्हणून की काय, लगेच म्हणाली की चला, म्हणजे माझ्या अंगाला काही झालेलं नाही, मी धडधाकट आहे. ती खरंच थोडी हलकी झाल्यासारखी दिसली. मला मात्र रडू आलं. तिचा नंबर जळगावच्या यादीत मी टाकला होता तो ऑफिसात सेवा सुरू झाली तेव्हा, चाचणीसाठी कुणाचा तरी हवा होता म्हणून. नंतर काढायचा राहून गेला. इतकी वर्षं रोज संध्याकाळी मी तिची आठवण काढत होते असं ती धरून चालली होती, आणि आठवण तर मी काढत होते, पण या गच्चीची, झुळकेची, चादरीची. ती चादर ओढणारी बाई अजून इथंच झोपते, हे मात्र माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं.

निघताना मी तिला धुळ्याला चल म्हटलं. पारणं जवळ आलं होतं. शेवटी दोन उपास लागोपाठ करायचे होते, त्यातलं पहिल्या रात्रीचं आणि दुसऱ्या रात्रीचं हे कोरडेपण कसं सोसणार याची मला धास्ती होती. आमचं घर देवपूरच्या पुढे, वस्तीच्या टोकाला, नकाण्याच्या बाजूनं अजून शेतं आहेत. पहाटे खरोखर गार पडतं. परात घेऊन चल, गरणं घेऊन चल, मी सांगितलेलं सगळं पाळीन. बाईनं नुसती मान हलवली. लेकीच्या घरचं पाणी चालत नाही. लग्नानंतरच्या बारा वर्षांत ती माझ्याकडे मोजून दोनदा आली आणि दोन्ही वेळा घरून बाटली घेऊन आली. मी म्हटलं, जळगावहून पाणी आणू, हंडे भरून आणू. तर म्हणाली, आणि गॅस कुणाचा? मी म्हटलं, गॅसचे पैसे दे. त्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि पाणी प्यायला अजून वेळ होता म्हणून आम्ही दोघी तो ठसका थांबायची वाट बघत बसलो.

धुळ्याला परतल्यावर मी जळगावच्या रकान्यात पंचवीसच लिहिले. केळीवाल्यांना खोटं कसं सांगणार? पण बटण दाबल्यावर मी माझ्या मोबाइलवरून बाईला वेगळा मेसेज केला: आपली गच्ची, तीस. प्रशीलनं ते बघितलं. नंतर म्हणाला, रानाच्या आकड्यात पाच मिळवताय ते वारा पडला की कमी पडतील, सहा मिळवा. सकाळी बाईचा उलटा मेसेज आला. तिला अक्षरं जुळवता येत नाहीत, आकडे येतात. ३१, एवढाच. माझ्यापेक्षा एक जास्त. मी ऑफिसात तो आकडा कुठंही नोंदवला नाही, पण दिवसभर जपला. मग रोजचंच झालं. संध्याकाळी माझा एक आकडा जायचा, सकाळी तिचा एक यायचा. ३०. ३१. ३०. मधेच एकदा ३० च्या पुढे फूल आलं, ते बहुतेक चुकून. इतकं बोलणं आमचं लग्नानंतर कधी झालं नव्हतं. पण रात्री अंथरुणावर पडले आणि खिडकीतून गार वारा आला की मला भलतीच भीती वाटायची. पंचवीसच्या भरवशावर ती वर्षभर टिकली. उकडतंय ते आपल्या आत आहे, बाहेर नाही, असं मानून टिकली. आता बाहेर आहे हे तिला कळलं. मी तिचा भरवसा काढून घेतला आणि बदल्यात एक खरा आकडा दिला, तो अंथरायच्या कामाचा नाही की पांघरायच्या.

शेवटच्या जोड उपासांतल्या पहिल्या संध्याकाळी मी बाईला बत्तीस लिहिले. दिवसभर वारा नव्हता. हात अडला, तीस लिहावेत असं फार वाटलं, पण तिनं सकाळी चष्मा लावून बघितलंच असतं. दुसऱ्या सकाळी आकडा आला नाही. मी चहा ठेवला, तो उतू गेला. अंगणात नळाला पाणी आलं, मी भरलं नाही. नवरा म्हणाला, झोपली असेल. बाई उजाडल्यावर झोपत नाही. शेवटी भैयाला फोन लावला. पहाटे गच्चीवरून उतरताना तिला भोवळ आली होती, शेवटच्या पायरीवर बसली, पडली नाही. सूर्य वर आल्यावर पाणी पोटात गेलं, आता बरी आहे. डॉक्टर येऊन गेले. त्यांचं म्हणणं, दिवसा भरपूर पाणी प्यायल्या तर आजचा दिवस निघेल; पण अशीच आणखी एक रात्र या खोलीत किंवा या गच्चीवर काढली तर मी जबाबदार नाही. एसीत झोपवा, नाहीतर आजच मोडा. भैया म्हणाला, दोन्हीला नाही म्हणते. तेरा महिने केलं आणि एका रात्रीसाठी मोडू का, असं विचारते. त्याचा आवाज बारीक झाला होता. मी निघते म्हटलं. तो म्हणाला थांब, बाईला तुझ्याशी बोलायचंय. मग मागून तिचा आवाज आला, फोनपासून लांबून, "तिला विचार, आज धुळ्याचा किती." मी म्हटलं, अजून काढला नाही, संध्याकाळी निघतो. "मग आत्ता काढ म्हणावं."

मी ऑफिसात गेले. धुळ्याचा रकाना उघडला. धुळ्याचाही अधिकृत आकडा रानातल्याच पेटीचा असतो. थंडीत वर्तमानपत्रं तो ठळक छापतात आणि गावातल्या गल्ल्यांतली माणसं एकमेकांना विचारतात, कुठं आहे ती थंडी. तो मला नको होता. मला माझ्या गच्चीचा हवा होता. शेजारचा प्लॉट परवाच सपाट केला आहे, सळया उभ्या राहिल्या आहेत, पुढचा रस्ता मार्चमध्ये काँक्रीटचा झाला. त्याचे किती मिळवायचे? पश्चिमेकडून वारा सुटला तर किती वजा करायचे? प्रशील खुर्ची ओढून शेजारी बसला. आम्ही दोघांनी मिळून एका गच्चीचा अंदाज काढला, ज्याचा कुठल्याच शेतकऱ्याला काही उपयोग नव्हता. मी बाईला पाठवला: माझी गच्ची, बावीस. दुपारभर उत्तर नाही.

दिवेलागणीला फाटकाशी भैयाची गाडी थांबली. आधी बेबाबाईनं बांधून दिलेली उशी उतरली, मग बाई. सूर्य नुकताच गेला होता. पारोळ्याच्या पुढे गाडी बाजूला घेऊन तिनं घरून आणलेलं पाणी पोटभर घेतलं होतं, शेवटचं. मी हात धरायला पुढे झाले तर तिनं आधी घराकडे नाही, वर आभाळाकडे बघितलं. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "पाणी तर मला आता सकाळी घरी जाईपर्यंत घ्यायचंच नाही. लेकीच्या घरचं पाणी चालत नाही म्हणतात. लेकीच्या घरची रात्र चालत नाही, असं कुठं म्हटलंय?" भैया गाडीला टेकून उभा होता, तो दुसरीकडे बघू लागला. मग बाईला हसू आलं. निघताना बेबाबाई गाडीपाशी आली होती म्हणे. दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, खानदेशात त्या दिवशी घरोघरच्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. बेबाबाई म्हणाली होती, "आखाजीले लेक मायना घर येस. आठे माय चालनी लेकना घर." इथं उलटं, माय निघाली लेकीच्या घरी. बाईनं तिची नक्कल इतकी हुबेहूब केली की माझा नवराही हसला.

आम्ही दोघीच गच्चीवर झोपलो. मी गच्ची शिंपली नव्हती, बाईला कच्चं पाणी असं उधळलेलं आवडत नाही. आधी उकडत होतं. मला घाम आला आणि मी मनातल्या मनात बावीसचे तेवीस केले, चोवीस केले. शेजारच्या प्लॉटवरच्या सळया अंधारात दिसत होत्या. पुढच्या उन्हाळ्यात तिथं भिंत येईल, मग ती भिंत आणि माझी भिंत एकमेकींना ऊब देत बसतील, आणि माझ्या आकड्यात मला दर वर्षी थोडं थोडं मिळवत जावं लागेल. पण ते पुढच्या उन्हाळ्यात. बाई कुशीवर झाली, मग पुन्हा झाली नाही. तिचा श्वास लांब झाला. मी जागी राहायचं ठरवलं होतं, थर्मामीटर हाताशी ठेवला होता, आणि मला कधी डोळा लागला ते कळलं नाही.

जाग आली ती अंगावर काटा आला म्हणून. शेतांकडून वारा येत होता, मातीचा आणि कापलेल्या कडब्याचा वास असलेला. पाय आपोआप पोटाशी गेले होते. चादर पायथ्याशी होती आणि हात लांब करायचं जिवावर आलं होतं. शेजारी बाई उठून बसल्याचं मला डोळे न उघडताच कळलं. बांगड्या वाजल्या, मग थांबल्या, उघड्या दंडावर हात फिरवावा तशी सळसळ झाली. थर्मामीटर माझ्या उशाशी तसाच पडला होता. तिनं तो घेतला नाही.

"बावीस," बाई स्वतःशीच म्हणाली, आणि पायाकडची चादर उलगडून माझ्या खांद्यापर्यंत ओढली.